अपघातात बरी झालेली गाडी

१

किल्ली फिरवताच गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली आणि रुमाना बागवान विचारात पडली.

पोलीस चौकीमागच्या मोकळ्या जागेत ती सात सीटची डिझेल गाडी उभी होती. पुढचा उजवा कोपरा चेपून आत गेलेला, काचेला तडे, चालकाच्या बाजूचं दार दोरीनं बांधलेलं. साडेतीन लाख किलोमीटर धावलेलं इंजिन मात्र जुन्या डिझेलच्या मानानं अगदी गुण्यागोविंदानं चालत होतं.

रुमाना विमा कंपनीच्या वतीनं अपघातग्रस्त गाड्या तपासायची. पुण्यात हे काम करणाऱ्या बायका २००७ सालीही विरळाच होत्या, त्यामुळे हवालदार तिच्यापेक्षा तिच्या हातातल्या लांब स्क्रूड्रायव्हरकडे जास्त बघत होता. तिनं त्याचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मग एकेक जागा बदलत ती सगळ्या इंजिनावरून फिरली.

"काय सापडलं?" हवालदारानं विचारलं.

"काहीच नाही. तीच पंचाईत आहे."

सोमवारी संध्याकाळी ही गाडी शिरवळहून पुण्याकडे येत होती. कात्रजचा नवा बोगदा संपला, उतार सुरू झाला आणि चालकाला ब्रेक लागेनासा झाला. पुढे वाहनं तुंबलेली होती. त्यानं गाडी दुभाजकावर घातली. चालक श्याम, मूळचा वाशीमचा, मांडीचं हाड मोडून रुग्णालयात होता. मागची एक मुलगी हाताला प्लॅस्टर घालून घरी गेली होती.

आरटीओच्या माणसानं ब्रेक तपासले. ते उत्तम निघाले. मग उरलं एकच कारण, आणि पोलिसांनी तेच लिहिलं. डिझेल गाडीच्या ब्रेकला जोर मिळतो तो इंजिनावर फिरणाऱ्या एका छोट्या व्हॅक्यूम पंपातून. इंजिन बंद झालं की पंप बंद. मग एकदोनदा ब्रेक लागतो आणि नंतर पेडल दगडासारखं घट्ट होतं. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे चालक थोडे नाहीत. श्याम त्यांतलाच, असं ठरलं. बेदरकारपणाचा गुन्हा दाखल झाला होता; लायसन्स जाणार आणि बहुधा शिक्षाही होणार.

पण श्यामच्या जबाबात आणखी एक वाक्य होतं. गाडी आठवडाभर टकटक करत होती, असं त्यानं सांगितलं होतं.

रुमानानं कात्रजला बापूरावांना फोन लावला. ही गाडी वर्षानुवर्षं त्यांच्याच गॅरेजात जायची. या धंद्यात रुमाना नवी होती तेव्हा बाकीचे गॅरेजवाले तिला चहा पाजून वाटेला लावत. एकट्या बापूरावांनी तिला बॉनेटखाली वाकायला लावून इंजिन ऐकायला शिकवलं होतं.

"कसली टकटक?" बापूराव म्हणाले. "जरा मोठ्यानं बोल, इथं ठोकाठोक चाललीये. टॅपेट वाजत होते गं. शनिवारी सेट करून दिले मी."

तिनं फोन ठेवला. टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणारे खटके, शनिवारी सेट झाले होते, आणि श्यामच्या म्हणण्याप्रमाणे टकटक सोमवारपर्यंत होती. आज ती नव्हती.

अपघातानं गाड्या बिघडतात. ही बरी झाली होती.

२

श्यामचा पाय वजन लावून टांगून ठेवला होता. त्याची बायको चंपा खाटेच्या कडेला बसली होती.

"आवाज कसा होता ते सांगा," रुमाना म्हणाली.

"शिलाई मशीनवानी. टकटकटकटक. रेस वाढवली का तोही वाढे."

"थंड असताना जास्त की गरम झाल्यावर?"

"दोन्ही टायमाले सारखाच. मी बापूरावले दोनदा दाखवली गाडी. पहिल्यांदा टॅपेट केले त्यायनं. दुसऱ्यांदा म्हणाले, गाडीचं वय झालं, चालव बिनधास्त."

"आणि ब्रेक?"

"सकाळी पहिल्यांदा दाबला का जरासा कडक लागे. मंग होये बरोबर." तो छताकडे बघत राहिला. "उतारावर दोनदा लागला. तिसऱ्यांदा जसा काही भिंतीवर पाय ठेवला. समोर मोटरसायकली होत्या. मी म्हटलं, आता इकडंच घ्या."

इकडंच म्हणजे उजवीकडे. दुभाजक उजवीकडे असतो आणि चालकही उजवीकडेच बसतो. रुमानानं ते मनात टिपून ठेवलं.

"एक सरळ विचारते. उतारावर इंजिन बंद केलं होतं का?"

चंपानं नवऱ्याकडे पाहिलं.

"नाही केलं," श्याम म्हणाला. मग आवाज खाली आला. "पण मॅडम, मालक म्हणते केलं. पोलीस म्हणते केलं. तो पुढं बसलेला पोरगा म्हणते, इंजिन शांत झालं होतं. आता मलेच वाटते, केलं असंन का मी? हात गेला असंन का किल्लीकडं? आठवून आठवून डोकं फिरलं. आता काहीच पक्कं आठवत नाही."

रुमानानं असे जबाब पुष्कळ ऐकले होते. खोटं बोलणारे सहसा ठाम असतात, हे तिला माहीत होतं. पण डळमळणारा माणूस खरा असतो, असंही काही नाही.

३

पुढच्या सीटवर बसलेला तेजस तिला खराडीत कंपनीच्या उपाहारगृहात भेटला. शिरवळच्या एका कारखान्यात सॉफ्टवेअर बसवण्याचं काम होतं. त्यासाठी तो आणि प्रियदर्शनी महिनाभर याच गाडीनं ये-जा करत होते.

"ॲक्च्युअली मी पोलिसांना सगळं सांगितलंय," तो म्हणाला. "बोगद्यातून बाहेर आलो, उतार लागला, आणि अचानक एकदम सायलेंट. इंजिन बंद झालेलं मला समजलं. मी हेडफोनही लावले नव्हते."

"अगदी शांत?"

"म्हणजे... तो जो इरिटेटिंग आवाज रोज असायचा, तो गेला. मी म्हटलं पण मनात, बरं झालं."

"आणि वारा, टायर, बाकीचं?"

"ते होतं असेल. लक्ष नाही गेलं."

रुमानानं चहाचा कप बाजूला सरकवला. "धडक बसल्यावर तुम्ही काय केलं?"

"पुढून धूर येत होता. आग लागेल असं वाटलं. श्यामभाऊ तर अडकले होते. मीच हात घालून किल्ली फिरवली."

"किल्ली चालू होती तर."

"हो, पण ती इंजिन बंद असलं तरी चालू राहू शकते ना?"

"राहू शकते. फिरवल्यावर काय झालं?"

तेजस थांबला. "मागूनही कुणीतरी ठोकलं."

"म्हणजे?"

"गाडी दोनदा दणादण हलली. मी मागे वळून बघितलं, तर मागे कुणीच नव्हतं. मग मला वाटलं, शॉकमध्ये भास झाला असेल. म्हणून ते पोलिसांना नाही सांगितलं."

रुमानानं सरकवलेला कप पुन्हा पुढे ओढला.

"तुमच्या घरी डिझेल गाडी आहे का?" तिनं विचारलं.

"नाही. बाबांची पेट्रोल आहे."

"जुनं डिझेल इंजिन बंद करताना गाडी अंग झटकते. दोनदा, कधी तीनदा. बंद असलेल्या इंजिनाची किल्ली कितीही फिरवा, गाडी ढिम्म हलत नाही."

तेजसला अर्थ लागायला क्षणभर गेला. "म्हणजे इंजिन चालू होतं?"

"तुम्ही बंद करेपर्यंत."

"पण मग माझ्या स्टेटमेंटवर त्यांना..."

"तुम्हाला आवाज थांबलेला ऐकू आला, हे खरंच आहे," रुमाना म्हणाली. "फक्त कशाचा थांबला, ते तुम्ही चुकीचं सांगितलंत."

४

प्रियदर्शनी वारज्याला राहायची. हात गळ्यात बांधलेला, पण बोलायला उत्सुक.

"आवाज मला पाठ झाला होता," ती म्हणाली. "सिग्नलला तर फार वैताग यायचा."

"गाडी उभी राहिल्यावर?"

"नाही, थांबताना. श्यामभाऊंनी ब्रेक दाबला की टकटक एकदम जोरात व्हायची. पाय काढला की परत पहिल्यासारखी. मी तेजसला म्हटलंही होतं, ही गाडी ब्रेकला घाबरते."

रुमाना पुढे झुकली. "ब्रेकबरोबर? नक्की?"

"रोज हडपसर ते खराडी सिग्नलच सिग्नल होते. नक्की."

वारज्याच्या त्या तिसऱ्या मजल्यावर प्रकरणाचा अर्धा उलगडा झाला. टॅपेटला ब्रेकशी काही देणंघेणं नसतं. ब्रेक दाबल्यावर इंजिनात एकाच गोष्टीवर ताण येतो, व्हॅक्यूम पंपावर. आवाज पंपाचा होता. आत काहीतरी तुटून आठवडाभर वाजत होतं. उतारावर पंप पुरता निकामी झाला, टकटक थांबली, आणि पाठोपाठ ब्रेकचा जोर संपला. इंजिन चालूच होतं.

उरलेला अर्धा भाग जास्त अवघड होता. चौकीमागच्या गाडीतला पंप ठणठणीत होता. म्हणजे अपघातानंतर कुणीतरी तो बदलला होता.

हवालदाराकडून तिनं एवढं काढून घेतलं होतं की सोमवारी क्रेननं गाडी रस्त्यातून हलवून जवळच बापूरावांच्या गॅरेजात नेली, आणि पोलिसांनी ती दुसऱ्या दिवशी दुपारी ताब्यात घेतली. दरम्यान तिथं दोनच माणसं होती, बापूराव आणि गाडीचा मालक सुदर्शन भोईटे.

५

सुदर्शनही वारज्याचाच. तो पूर्वी स्वतः टेम्पो चालवायचा. आता त्याच्या गाड्या आयटी कंपन्यांकडे लागल्या होत्या. गाडी नीट ठेवली नव्हती असं निघालं, तर ते काम गेलंच म्हणून समजा. लपवाछपवीचं कारण सगळ्यांत जास्त त्याच्याकडे होतं.

"गाडीतून आवाज येत होता, हे तुम्हाला माहीत होतं?"

"साडेतीन लाख चाललेल्या गाडीतून आवाजच यायचा. सनई थोडीच वाजणार?"

"श्यामनं सांगितलं होतं?"

"चालक रोज काहीतरी सांगतात. मी म्हटलं, बापूरावांना दाखव. त्यांचं काम ते, माझं काम मी."

"सोमवारी संध्याकाळी गॅरेजात तुम्ही काय केलंत?"

"डोक्याला हात लावून बसलो. अजून काय करणार? नंतर पोरीच्या आईवडलांना भेटायला गेलो."

"गाडीला हात लावला नाही?"

"लावला असता तर चाललं असतं. पाना धरता येतो मला. त्या गाडीचा सायलेन्सर मीच बांधलाय."

ते खरं होतं. रुमानानं पाहिलं होतं: सायलेन्सरला डब्याच्या पत्र्याचं वेटोळं, आरशाला तार, दाराच्या मुठीला सायकलची ट्यूब.

"ब्रेकचं कारण तुम्हीच पोलिसांना सुचवलंत?"

"मी बापूरावांना विचारलं, सगळं चांगलं असताना ब्रेक असा दगड कसा होतो? ते म्हणाले, इंजिन बंद झालं की होतो. मग अजून काय हवं? दोन आणि दोन चार." सुदर्शननं तिच्याकडे पाहिलं. "तुमचं गणित वेगळं येतंय का?"

रुमाना खाली आली, स्कूटर काढली आणि घरी न जाता पुन्हा चौकीकडे वळली. ऊन कलायच्या आत तिला एक बोल्ट उघडून बघायचा होता.

६

पंप बाहेरून बाकी इंजिनासारखाच मळकट होता. तेलावर धूळ, धुळीवर तेल. बदलणाऱ्यानं नवा चकचकीत पंप न लावता दुसऱ्या जुन्या गाडीचा काढून लावला होता. नुसतं बघून आरटीओच्या माणसालाच काय, कुणालाही संशय आला नसता.

पंपाला इंजिनातून तेल पुरवणारी एक बारीक नळी असते. ती पोकळ बोल्टनं बसवतात, आणि बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा एकेक वायसर, म्हणजे चपटी कडी, असतो. रुमानानं बोल्ट सैल केला. वायसर तळहातावर घेतले आणि फडक्यानं पुसले.

दोन्ही कोरे करकरीत होते. नव्या पैशासारखे लाल.

ती तिथंच गाडीच्या बंपरला टेकून उभी राहिली. जुना वायसर पुन्हा लावला तरी चालतो. फार तर थेंब थेंब तेल झिरपतं. घाईघाईनं, चोरून काम करणारा माणूस वायसर बदलत बसत नाही. सायलेन्सरला डब्याचा पत्रा बांधणारा तर मुळीच नाही. सुदर्शननं हे काम केलं असतं, तर इथं जुनाच वायसर आणि वर सुतळी सापडली असती.

तांबं एकदा दबलं की दबलं, ते पुन्हा वापरायचं नाही, हे रुमानाला ज्या माणसानं शिकवलं होतं, त्याचं नाव आता तिला स्वतःशीही घ्यावंसं वाटेना.

७

कात्रजच्या दूध डेअरीमागे बापूरावांचं गॅरेज होतं. सकाळची वेळ होती. बापूराव एका चाकाशी उकिडवे बसले होते. रुमाना त्यांच्या उजव्या बाजूनं आली आणि म्हणाली, "बापूराव, थोडं बोलायचंय."

ते नट आवळत राहिले. तिनं पुन्हा हाक मारली. तरी नाही. ती वळसा घालून समोर गेली, तेव्हा ते दचकले.

"कधी आलीस?"

तिनं खिशातून वायसर काढून त्यांच्यापुढे धरले. बापूरावांनी ते घेतले नाहीत. पाना खाली ठेवला, फडक्याला हात पुसले, आणि लाकडी बाकावर जाऊन बसले.

"बस," ते म्हणाले.

ती बसली, त्यांच्या डाव्या बाजूला. "आवाज पंपाचा होता."

"हो."

"ब्रेक दाबून ऐकलं असतं तर कळलं असतं. मला तुम्हीच शिकवलंय ते."

"ऐकलं होतं गं. दोन्ही वेळा दाबून ऐकलं." बापूरावांनी उजव्या कानाची पाळी चोळली. "मला फरक कळला नाही. मोठे आवाज येतात अजून. बारीक असले की निसटतात. उजव्या कानानं तर वर्ष झालं काही येत नाही. ठोकाठोक जन्मभर केली, त्याचं फळ."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? लोक लांबून गाड्या आणतात ते बापूरावांचा कान आहे म्हणून. श्याम टकटक ऐकतोय, मी मान डोलावतोय. टॅपेट म्हणालो, कारण जुन्या गाडीत बहुतेक वेळा टॅपेटच असतात. नाही गेलं, तेव्हा म्हणालो, वय झालं गाडीचं. सोमवारी क्रेननं गाडी आणून टाकली. सुदर्शन गेल्यावर मी पंप खोलला. आतली पाती तुटून चुरा झाला होता. मागे एक भंगारातली गाडी उभी होती, तिचा काढून लावला."

"श्यामवर आळ येईल, हे कळत होतं तुम्हाला."

"तेव्हा नाही. तेव्हा फक्त एवढंच की हे कुणाला दिसू नये. सुदर्शननं दुसऱ्या दिवशी विचारलं, ब्रेक दगड कसा होतो? मी म्हणालो, इंजिन बंद झालं की होतो. त्यात खोटं एक अक्षर नाही."

"नाही," रुमाना म्हणाली. "म्हणून तर इतकं चाललं ते."

बापूराव फडक्याची घडी घालू लागले.

"तो माणूस आता स्वतःवरच संशय घ्यायला लागलाय. म्हणतो, मीच किल्ली फिरवली असेन. मी आज अहवाल देणार आहे. त्यात तुमचं नाव येईल. ते टाळता येणार नाही, आणि आलं तरी मी टाळणार नाही. पण त्याला तुम्ही आधी सांगावं, असं मला वाटतं."

ती मनातून घाबरली होती. ते चिडले असते, हात जोडले असते, जुनी ओळख काढली असती, तर काय करायचं हे तिनं ठरवलं नव्हतं. बापूराव उठले, आतल्या कपाटातून फडक्यात गुंडाळलेला फुटका पंप आणला आणि तिच्या हातात दिला.

"फेकला का नाहीत?" तिनं विचारलं.

"रोज फेकायला उचलत होतो," ते म्हणाले आणि शर्ट बदलायला आत गेले.

८

रुग्णालयात बापूराव श्यामच्या खाटेपाशी उभे राहिले आणि सगळं सांगितलं. कानाचंही. बाजूच्या खाटेवरचे लोक ऐकत होते, तरी ते थांबले नाहीत.

त्यांचं संपल्यावर श्यामनं विचारलं, "म्हणजे गाडी चालू होती?"

"चालू होती. शेवटपर्यंत."

"मी बंद नाही केली?"

"नाही."

श्यामनं चंपाकडे मान वळवली. "आयकलं?" तो म्हणाला, आणि त्यानं डोळ्यांवर हात घेतला.

चंपा बापूरावांना म्हणाली, "इथं सांगून काय होते? आमाले तं माहीतच होतं. जिथं यांचं नाव लिवलं, तिथं चला." तिनं पदर खोचला आणि पायात चपला घातल्या. "मी येते संगं." बापूराव निमूटपणे तिच्यामागून निघाले.

चौकीत बापूरावांचा जबाब झाला. तेजस स्वतःहून आला आणि त्यानं आपला जबाब दुरुस्त करून दिला. श्यामवरचा गुन्हा मागे घेतला गेला. पुरावा बदलल्याचा खटला बापूरावांवर झाला. त्यांनी वकील दिला नाही. दंड भरला आणि कोर्टाची ताकीद खाली मान घालून ऐकली. गिऱ्हाईक निम्म्यानं कमी झालं. उरलेल्यांच्या गाड्या ते आता हाताखाली घेतलेल्या आपल्या मुलाला ऐकायला लावतात आणि तो काय म्हणतो ते समोर बसून विचारतात. रुमाना महिनाभर तिकडे गेली नाही. मग एकदा स्कूटर घेऊन गेली. दोघांनी चहा घेतला, फारसं बोलणं झालं नाही.

श्यामला चालायला लागायला पावसाळा उलटावा लागला. तो काठी टेकत घरात फिरू लागल्याचं कळताच सुदर्शन भोईटेनं निरोप पाठवला: झालं गेलं विसर, नवीन घेतलेली जुनी गाडी उभी आहे, उद्यापासून ये.

श्याम गेला. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला काठी लावून पाहिलं. सुदर्शननं किल्ली पुढे केली. श्यामनं ती घेतली नाही.

"तुमीच बसा मालक," तो म्हणाला. "चालू करा, अन् ब्रेकवर पाय दाबून धरा. मी बाहेर उभा राहून आयकतो. मंग सांगतो."